बत्तीस बोअरचा परवाना हाती आला. आता रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

तापीकाठ

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे सराफी दुकान असून आठवड्यातून किमान दोनदा ऐवज घेऊन मला जळगावला जावे-यावे लागते. दोन वर्षांपूर्वी अंधार पडल्यावर परतताना मोटारसायकलवरील दोघांनी माझी गाडी अडवण्याचा प्रयत्न केला. समोरून एसटी आली म्हणून निभावले. त्यानंतर मी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडले आणि गेल्या महिन्यात परवाना मंजूर झाला. शस्त्राच्या रकान्यात ‘.३२ बोअर रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ एवढेच लिहिलेले आहे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास).

आता अडचण अशी की, एका नातेवाइकाने ‘बत्तीस म्हणजे दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल, घ्यायचे तर नऊ एमएम नाहीतर पंचेचाळीस घे’ असे सुनावले, तर विक्रेत्याने फिरत्या चक्रात काडतुसे बसणारे रिव्हॉल्व्हर आणि मुठीतल्या मॅगझीनमधून (काडतुसांच्या पेटीतून) काडतुसे घेणारे पिस्तूल शेजारी शेजारी ठेवून ‘दोन्ही बत्तीसच आहेत, हाताला बसेल ते घ्या’ असे सांगितले. बत्तीस खरोखरच इतके कुचकामी असते का, आणि दोन्ही ‘बत्तीस’ एकच असतात का, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

जुना आर्मोरर

पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात माझी सव्वीस वर्षे गेली, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

नातेवाइकांचा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. ९ मिमी पिस्तूल, .३८ आणि .४५५ ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ नुसार केंद्र सरकारने खास अधिकार दिल्याशिवाय अशी शस्त्रे बाळगता येत नाहीत. फौज आणि पोलीस जे काडतूस वापरतात तेच खाजगी शस्त्रात चालू लागले, तर सरकारी कोठारातून गळलेला प्रत्येक राउंड (म्हणजे काडतूस) बाजारात किमतीला येईल, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. आमच्याकडे पूर्वी अधिकाऱ्यांच्या कमरेला .३८ रिव्हॉल्व्हर असे, पुढे इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारे ९ मिमी पिस्तूल आले. ते बेल्जियमच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचेच भावंड असून त्याच्या मॅगझीनमध्ये तेरा राउंड बसतात. शिवाय तोच राउंड कार्बाइनलाही (आखूड नळीच्या बंदुकीलाही) चालत असल्यामुळे कोठारात एकच पेटी ठेवून दोन शस्त्रांची सोय होत असे. सरकारी खात्यात बोअर कोणता निवडायचा हे पुष्कळदा अशा पेट्याच ठरवतात.

आता आपला दुसरा प्रश्न. दोन्ही बत्तीस एकच नाहीत, आणि ज्या विक्रेत्याने तसे सांगितले त्याच्याकडून शस्त्र घेण्याआधी आपण दोनदा विचार करावा.

दोन्ही काडतुसे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी उभी करून पाहा. रिव्हॉल्व्हरचे काडतूस, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, उंच आणि सडपातळ असते. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले पितळी कवच, २३ मिलिमीटरांहून थोडी लांब, बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड, आणि टोकाला बहुधा करड्या शिशाची उघडी गोळी. पिस्तुलाचे काडतूस म्हणजे अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास तयार केलेले ७.६५ मिमी, ज्याला .३२ एसीपी म्हणतात. त्याची पुंगळी १७ मिलिमीटरांच्या आसपास, बुडाची कड नखाला जेमतेम लागेल इतकीच, आणि गोळीवर तांबूस धातूचे आवरण. रिव्हॉल्व्हरची गोळी जड पण संथ असते, सुमारे ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळी तोलण्याचे लहान माप). पिस्तुलाची हलकी पण वेगवान, ७१ ग्रेनची. ताकद मोजायची झाली तर पहिलीत दीडशे जूलच्या आसपास, दुसरीत पावणेदोनशेच्या आसपास आणि ९ मिमीत पाचशेच्या जवळपास भरते. म्हणजे नातेवाईक अगदीच खोटे बोलत नाहीत. त्यांनी दाखवलेले दार मात्र आपल्यासाठी बंद आहे.

घोळ असा की, दोन्ही गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रातील काडतुसाच्या घरात सहज शिरते. ते उलट बाजूने शक्य नाही. पिस्तुलाच्या काडतुसाचा कमाल दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक धरलेला असतो, त्यामुळे जुन्या, सैल पडलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो राउंड उडवणे म्हणजे आपल्याच हाताशी वैर घेणे होय.

ह्युस्टनकर

मूळचा मी भुसावळचा, गेली अठरा वर्षे टेक्ससमध्ये आहे. इकडे २०२१ पासून पात्र प्रौढ व्यक्तीला हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) जवळ घेऊन फिरण्यासाठी परवान्याचीही गरज उरलेली नाही. दुकानाच्या काचेखाली सगळे बोअर एका ओळीत मांडलेले असतात, आणि वाद घालण्याची हौसही तेवढीच दांडगी असते. त्या वादाची अमेरिकेने जी किंमत मोजली ती आपल्याला ठाऊक असावी म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या) आठ एजंटांनी बँका लुटणाऱ्या दोघांची मोटार अडवली. पाच मिनिटांच्या आत दोन एजंट ठार आणि पाच जखमी झाले होते. चकमकीच्या सुरुवातीलाच त्यांपैकी एका दरोडेखोराला ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुफ्फुसात गेली आणि हृदयापासून काही सेंटिमीटरवर थांबली. त्या जखमेने तो पुढे मरणारच होता, पण मधल्या वेळात त्याने हातातील मिनी-१४ रायफलने बहुतेक सगळा संहार केला.

दोष गोळीवर आला. १९८७ मध्ये क्वांटिको येथील एफबीआयच्या प्रशिक्षण केंद्रात तज्ज्ञांची बैठक झाली, आणि गोळी किती खोल जाते हाच मुख्य निकष मानावा असे ठरले. शरीराच्या ऊतींऐवजी वापरल्या जाणाऱ्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळीने बारा ते अठरा इंच शिरावे ही आजही वापरात असलेली कसोटी तिथूनच आली. त्यानंतर एफबीआयने १० मिमीचे जाडजूड पिस्तूल स्वीकारले. त्याचा धक्का बऱ्याच जणांना पेलेना, म्हणून दारू कमी करून सौम्य राउंड भरले गेले. पुंगळीत मग इतकी जागा मोकळी राहू लागली की, स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी पुंगळीच आखूड करून १९९० मध्ये .४० बोअर बाजारात आणला. देशभरातील पोलीस खाती त्याच्यामागे धावली, १९९७ मध्ये एफबीआयनेही तो घेतला, आणि २०१४ च्या सुमारास त्याच संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने लेखी कारणे देऊन ९ मिमीकडे परतावे असे सुचवले. सुधारलेल्या गोळ्यांमुळे जखमेत फरक उरलेला नाही, .४० मध्ये नेम चुकतो, दुसरा राउंड उशिरा सुटतो, आणि मॅगझीनमध्ये पंधराऐवजी सतरा राउंड बसतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जवळपास तीस वर्षांची प्रदक्षिणा घालून सगळे मूळ जागी आले.

मी स्वतः एकदा तिन्ही बोअर भाड्याने घेऊन एका दुपारी सात यार्डांवर झाडून पाहिले. ९ मिमीने पाच राउंड ताटलीएवढ्या जागेत पडले, .४० ने त्यांतले दोन ताटलीबाहेर गेले; .४५ चा धक्का ढकलल्यासारखा संथ वाटला, पण शेवटी मनगटाने तक्रार केलीच. तेव्हापासून माझ्या कमरेला ९ मिमी असते.

न्यायवैद्यक

वरील प्रतिसादात एक गोष्ट ओझरती आली आहे, ती ठळक करावीशी वाटते. ‘थांबवण्याची ताकद’ हा शब्दप्रयोग हँडगनच्या बाबतीत फसवा आहे. रायफलच्या गोळीचा वेग इतका असतो की, तिच्या वाटेभोवतालच्या ऊती ताणून फाटतात. हँडगनच्या गोळीने त्या क्षणभर ताणल्या जातात आणि बहुतांशी पूर्ववत होतात. उरते ते गोळीने प्रत्यक्ष कोरलेले भोक, आणि ९ मिमी व .४५ यांच्या भोकांतील फरक शवविच्छेदनाच्या टेबलावर नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड असते. माणसाचे हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. मायामीतील त्या दरोडेखोराला तर त्याहून कितीतरी अधिक वेळ मिळाला होता. गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो हे चित्रपटातच घडते. तेवढा धक्का गोळीत असता तर तो झाडणाऱ्यालाही तेवढाच बसला असता.

माझ्या पाहण्यातील बंदुकीच्या जखमांमध्ये देशी कट्ट्याच्या जखमा सर्वाधिक होत्या, आणि त्या कोणत्या बोअरच्या आहेत हे कट्टा बनवणाऱ्यालाही सांगता आले नसते. ते असो.

सह्याद्रीवारा

ह्युस्टनकर ज्या सुधारलेल्या गोळ्यांविषयी लिहीत आहेत, त्या म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्या ना? त्या आंतरराष्ट्रीय कायद्याने बंद आहेत असे वाचल्याचे आठवते.

न्यायवैद्यक

१८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्यांवर जी बंदी घातली ती राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धापुरती आहे. पोलिसांना ती लागू होत नाही. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रशाळेत त्या दशकात ब्रिटिशांनी सरहद्दीवरील लढायांसाठी तशी गोळी तयार केली आणि ‘डमडम’ हे गावाचे नाव जगभर गोळीला चिकटले. पोलिसांनी ती वापरण्याचे कारण ऐकायला विचित्र वाटते, पण ते खरे आहे. फुललेली गोळी शरीरातच थांबण्याची शक्यता अधिक असल्यामुळे मागे उभ्या असलेल्या तिऱ्हाइताचा जीव वाचतो.

गनमॅन विदर्भ

सैन्यातून निवृत्त झाल्यावर सात वर्षे मी बँकेच्या रोकड गाडीवर स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊन काम केले, आता एका व्यापाऱ्याकडे .३२ रिव्हॉल्व्हर घेऊन असतो. वरची सगळी चर्चा ज्ञानवर्धक आहे, पण रोज नऊ तास शस्त्र अंगावर वागवणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात.

पहिला प्रश्न वजनाचा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हरचे वजन पाऊण किलोच्या घरात जाते, आणि दुपारनंतर ते पट्टा खाली ओढू लागते. २०१४ मध्ये कानपूरहूनच महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे टायटॅनियम मिश्रधातूचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर आले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, त्यामुळे माझ्यासारख्याने त्याचे फक्त छायाचित्र पाहिले.

दुसरा प्रश्न काडतुसांचा, आणि इथे माझी तक्रार आहे. मागच्या नोकरीत सुरक्षा संस्थेने आम्हाला दिलेली बारा बोअरची काडतुसे इतकी जुनी होती की, तीन वर्षांनी प्रथमच चांदमारीला नेले तेव्हा माझ्या पाचांपैकी दोन फुसकी निघाली. नुसता ‘टक्’ असा आवाज आला. तीच काडतुसे मी तीन वर्षे रोकड गाडीवर पट्ट्यात घालून मिरवत होतो. तापीकाठ यांनी बोअरची चिंता करण्याआधी वर्षाला किती राउंड झाडायला मिळणार आहेत हे पाहावे. माझ्या परवान्यावर वर्षाला पन्नास आहेत, त्यांतले पंचवीस जवळ ठेवायचे म्हटले तर सरावाला उरतात पंचवीस. टेक्ससवाले एका दुपारी याहून अधिक उडवत असतील.

ह्युस्टनकर

गनमॅनसाहेब, आपण म्हणता ते खरे आहे. त्या दुपारी माझे दीडशे राउंड संपले होते. हे लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

जुना आर्मोरर

गनमॅन यांनी मुद्द्यावर बोट ठेवले आहे. वर्षाला पंचवीस राउंडांत शिकता येईल असे शस्त्र कोणते, असा प्रश्न मी तापीकाठ यांना विचारीन.

कानपूरचे जुने रिव्हॉल्व्हर वेबली धाटणीचे, मधून मोडणारे आहे. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली झुकते, आतला ताऱ्याच्या आकाराचा, पुंगळ्या ढकलणारा भाग वर येतो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. २०२३ मध्ये कानपूरच्याच ‘प्रबळ’ या रिव्हॉल्व्हरमध्ये घरांचे चक्र बाजूला उघडण्याची सोय आली, त्यामुळे भरणे अधिक सोपे झाले. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरधारकाने फक्त पुन्हा चाप ओढायचा असतो. चक्र फिरते आणि नवे काडतूस घोड्यासमोर येते. पिस्तुलात मात्र वरची स्लाइड दुसऱ्या हाताने मागे खेचून फुसका राउंड बाहेर काढावा लागतो. घाबरलेल्या माणसाकडून हे घडावे यासाठी ती हालचाल हातात इतकी मुरलेली असावी लागते की, विचार करावाच लागू नये. माझ्याकडे शिकायला आलेल्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक जण पहिल्या वेळी नुसते चाप दाबत राहायचे आणि पिस्तुलाकडे नवलाने बघायचे.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते चपटे असते, सदऱ्याखाली दिसत नाही, त्यात राउंड अधिक बसतात, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप थेट ओढताना बोटाला जे जड जाते तसे त्यात जात नाही. मात्र नळीत राउंड भरून ते बाळगायचे की रिकामे, हा निर्णय आपल्याला रोज घ्यावा लागतो, आणि मी पाहिलेले अपघात बहुतेक याच निर्णयाच्या गोंधळातून झालेले आहेत. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले अशी समजूत करून साफ करायला बसणारे महाभाग आमच्या खात्यातही होते. शस्त्रागाराच्या छताला अजून एक भोक आहे.

आणि ज्या बत्तीस लाँगला टिकल्यांचे पिस्तूल म्हटले जाते, तेच काडतूस जगभरातील नेमबाज २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत पसंत करतात, कारण धक्का कमी आणि अचूकता अधिक. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात जसपाल राणा यांनी ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी करून सुवर्णपदक मिळवले होते.

कायदेपंडित नव्हे

एक छोटी पुस्ती. खाजगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी कोणत्याही बोअरची असली तरी न्यायालयात तिची बाजू मांडणे फार अवघड जाते. ऐवज परत मिळतो, विमाही असतो.

संपादक मंडळ

काडतुसे कोठे मिळतील, जुने शस्त्र कोण विकत आहे, अशा स्वरूपाचे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. कृपया चर्चा विषयापुरती ठेवावी.

तापीकाठ

सर्वांचे आभार. काल जळगावला दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलो आणि आर्मोररकाकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही काडतुसे मागून घेऊन काउंटरवर शेजारी शेजारी उभी केली. विक्रेते वयस्कर होते. माझ्याकडे पाहून हसले आणि ‘कुणीतरी शिकवून पाठवलेले दिसते’ म्हणाले. मी दोन्ही शस्त्रे रिकामी करून घेतली आणि गाडीत बसल्यासारखा खुर्चीत बसून, डावा हात जणू सुकाणूवर आहे असे समजून, उजव्या हाताने हाताळून पाहिली. पिस्तुलाची स्लाइड एका हाताने ओढणे मला जमले नाही. रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागला, पण ओढला गेला. रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले आहे. नातेवाइकांना अजून सांगितलेले नाही.

एक शंका उरली आहे. विक्रेत्यांनी सोबत चामड्याचा सुंदर पट्टा दाखवला, त्याला काडतुसे अडकवायला बारा कप्पे आहेत. तो घ्यावा का?

जुना आर्मोरर

पट्टा हौस म्हणून घ्यावा, पण काडतुसे त्यात कायमची ठेवू नयेत. कमावलेल्या चामड्यात पितळ कळकते. पावसाळ्याच्या दोन महिन्यांतच पुंगळीवर हिरवा थर चढतो, आणि तसे काडतूस चक्राच्या घरात अडकून बसले की ऐन वेळी चक्र फिरत नाही. काडतुसे कोरड्या डब्यात ठेवावीत, प्रवासाच्या दिवशी फक्त सहा भरावीत, घरी आल्यावर काढून कोरड्या फडक्याने पुसावीत. दरवर्षी सरावाला सर्वांत जुनी काडतुसे झाडावीत आणि नवी त्यांच्या जागी ठेवावीत, म्हणजे फुसके निघायचेच असेल तर ते चांदमारीवर निघेल. आणि पहिल्या सरावाला जाताना कानात घालायला बोळे न्यायला विसरू नये.